एका खोडाची होडी : प्राचीन डोण्या आणि पहिल्या समुद्रप्रवासांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या होड्यांचा विषय निघाला की लोक मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

एका खोडाची होडी म्हणजे नेमकी कोणती?

झाडाचं एकच खोड आतून कोरून केलेली. तिला फळ्या जोडलेल्या नसतात. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सगळं एकाच लाकडातलं. पुढे काठांवर फळी चढवून ती उंच केली, बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा ओंडका, बांधली, शीड लावलं, तरी बूड कोरलेल्या खोडाचं असेल तर तिचं मूळ हेच. कोकणात, केरळात, श्रीलंकेत, अंदमानात अशा होड्या अगदी अलीकडेपर्यंत रोजच्या वापरात होत्या, काही ठिकाणी आजही आहेत.

आजवर सापडलेली सर्वात जुनी होडी कोणती?

नेदरलँड्समधली पेसची होडी. १९५५ साली पेस या गावाजवळ महामार्गाचं काम चालू असताना दलदलीच्या मातीखालून ती वर आली. लांबी २९८ सेंटीमीटर, रुंदी ४४ सेंटीमीटर, लाकूड पाइनचं. लाकडात उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजणाऱ्या कार्बन-१४ पद्धतीने तिचं वय इसवी सनपूर्व ८०४० ते ७५१० या दरम्यानचं निघालं, म्हणजे ती जवळजवळ दहा हजार वर्षांची आहे. आज ती आसेन शहरातल्या ड्रेन्ट्स संग्रहालयात ठेवलेली आहे.

पण ती होडीच आहे कशावरून? गुरांची डोण नसेल?

हा प्रश्न खरोखरच विचारला गेला होता. एवढी अरुंद, एवढी आखूड वस्तू माणसाला घेऊन तरंगेल का, हे काहीतरी खाद्य घालायचं लाकडी भांडं असावं, अशा शंका अभ्यासकांनी मांडल्या.

मराठी वाचकाला ही शंका चटकन समजते, कारण आपल्या भाषेतच ती दडलेली आहे. गुरांना पाणी पाजायची ती डोण, आणि छोट्या होडीला डोणी. दोन्हींच्या मागे संस्कृतातला 'द्रोणी' हा शब्द आहे. त्याचा अर्थ लाकडाचं कोरलेलं भांडं असाही होतो आणि होडी असाही. पंगतीतला द्रोणसुद्धा याच घराण्यातला. कोरून पोकळ केलेल्या वस्तूत पाणी राहतं, आणि पाण्यात सोडली तर ती तरंगते. आकार तोच, काम वेगळं.

पेसच्या बाबतीत उत्तर पाण्यात मिळालं. २००१ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती करून ती वल्हवून पाहिली. ती तरंगली आणि एका माणसाला घेऊन नीट चाललीही. शिवाय शेती आणि पाळीव गुरं त्या भागात पोहोचण्याच्या कितीतरी आधीच्या काळातली ही वस्तू आहे. ज्यांच्याकडे गुरंच नव्हती, ते डोण कोणासाठी कोरतील? माझ्या दृष्टीने हा मुद्दा प्रयोगाइतकाच वजनदार आहे.

म्हणजे दहा हजार वर्षांपूर्वी माणूस पहिल्यांदा पाण्यात उतरला का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. सर्वात जुनी सापडलेली होडी आणि सर्वात पहिली होडी यांच्यात फार मोठं अंतर आहे. लाकूड कुजतं. पेसची होडी वाचली ती दलदलीमुळे. समुद्रावर माणूस गेल्याचा जुना पुरावा शोधायचा तर होडी शोधू नका, होडीने पलीकडे काय नेलं ते शोधा.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. हिमयुगात समुद्र खाली गेला होता आणि न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, टास्मानिया एकमेकांना जोडलेले होते. पण आशियाची जमीन आणि हा भूखंड यांच्यामध्ये समुद्र कायमच राहिला. वाटेतल्या बेटांवरून उड्या मारत गेलं तरी एक टप्पा साधारण ९० किलोमीटरचा उरतोच. आणि माणूस किमान ५० हजार वर्षांपूर्वी तिथे पोहोचलेला होता. त्या प्रवासाचं एकही लाकूड आपल्या हाती नाही. तिथे वसलेली माणसं हाच पुरावा.

तिमोर बेटावरच्या एका गुहेत ४२ हजार वर्षांपूर्वीच्या थरात खोल समुद्रातल्या ट्यूना माशांची हाडं सापडली. जपानमध्ये कोझुशिमा बेटावरची ज्वालामुखी काच, म्हणजे ऑब्सिडियन, सुमारे ३८ हजार वर्षांपूर्वी मुख्य बेटावर आलेली आहे. ग्रीसमध्ये मिलोस बेटावरची हीच काच मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत तेरा हजार वर्षांपूर्वीच्या आसपास मिळते. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेचं रासायनिक मिश्रण निराळं असतं, त्यामुळे नखाएवढी कपची कुठल्या बेटावरची ते प्रयोगशाळेत ठरवता येतं. दगड पोहत जात नाहीत. कोणीतरी गेलं, उचलून घेतलं आणि परत आलं. परत आलं हे महत्त्वाचं. वादळात वाहून जाऊन बेटाला लागणं वेगळं आणि दगड आणायला मुद्दाम जाणं वेगळं.

२०२५ मध्ये यात माल्टाची भर पडली. तिथल्या लात्निया गुहेत सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वी शिकार करून जगणारी माणसं राहत होती असं दिसून आलं. माल्टाला जायला साधारण १०० किलोमीटर मोकळा समुद्र ओलांडावा लागतो. शेतकरी येण्याच्या आधी भूमध्य समुद्रात एवढी लांब मजल कोणी मारत नसेल, असं तोवर मानलं जात होतं.

लोखंड नसताना एवढं खोड कोरलं कसं?

दगडाने, आगीने आणि चिकाटीने. आधी सरळ, गाठी नसलेलं झाड निवडायचं. ते घासून धार लावलेल्या दगडी कुऱ्हाडीने पाडायचं. मग वरच्या अंगाला थोडा थोडा विस्तव करायचा, लाकूड कोळसलं की तो थर तासणीने खरवडून काढायचा, पुन्हा विस्तव. काठ जळू नयेत म्हणून त्यांना ओला चिखल लावता येतो. चीनमध्ये हांगचौजवळ क्वाहूच्याओ इथे २००२ साली सापडलेली सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची पाइनची होडी पाहिली की हे काम डोळ्यांपुढे उभं राहतं. तिच्यावर जळल्याचे काळे डाग आहेत, आणि शेजारीच वल्ही आणि तासण्यांचे लाकडी दांडे पडलेले मिळाले.

आतून कोरताना एक अडचण येते. आत बसलेल्या माणसाला बुडाची जाडी किती उरली हे दिसत नाही. दोन बोटं जास्त तासलं तर महिनाभराचं काम वाया. यावर युरोपातल्या कारागिरांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. बाहेरच्या अंगाने ठरावीक खोलीची बारीक भोकं पाडायची आणि त्यांत लाकडी खुंट्या ठोकायच्या. आतून तासत आलं आणि खुंटीचं टोक दिसलं की थांबायचं. बुडाची जाडी सगळीकडे सारखी येते आणि खुंटी फुगून भोक आपोआप बंद होतं. जुन्या होड्यांच्या बुडाला या खुंट्या आजही बसलेल्या दिसतात.

मोठ्या ओकच्या झाडांचा गाभा पुष्कळदा आतून कुजलेला असतो. इंग्लंडमध्ये १९८४ साली हॅशोम इथे सापडलेली, इसवी सनपूर्व ३०० च्या सुमाराची होडी पावणेतेरा मीटर लांब आहे. तिच्या झाडाचं बूड असंच पोकळ होतं. कारागिरांनी झाड टाकून दिलं नाही, मागच्या टोकाला खाच पाडून वेगळी फळी बसवली. तिच्यात सापडलेली गुरांची हाडं सांगतात की बुडाली तेव्हा ती मांस घेऊन चालली होती.

रुंदी वाढवायची आणखी एक रीत जगात अनेक ठिकाणी आहे : कोरलेल्या खोडात पाणी भरायचं, तापलेले दगड टाकून ते गरम करायचं, बाहेरून शेक द्यायचा आणि लाकूड मऊ झालं की आडव्या काठ्या ठोकून काठ फाकवायचे. हे सगळं वाचल्यावरही कोणी या होड्यांना 'आदिम' म्हटलं की मला वाईट वाटतं. झाड बघून आतली होडी ओळखणं हे कसलेल्या सुताराचं काम आहे.

अशी होडी समुद्रात टिकेल का? नदी-तळ्यांपुरतीच असेल ना?

बऱ्याच नदी-तळ्यांपुरत्याच होत्या. पेसची तर नक्कीच. डेन्मार्कच्या तिब्रिंद विग इथली होडी उथळ, आडोशाच्या समुद्रातली. ती लिंडेनच्या झाडाची, साडेनऊ मीटर लांब, आणि मागच्या टोकाला आत मातीची छोटी चूल. सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रात्री त्या विस्तवाच्या उजेडात ईल मासे मारत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तिथली वल्ही अॅश लाकडाची, पात्यांवर नक्षी कोरून रंग भरलेला. वल्ह्यावर नक्षी काढणारा माणूस पाण्याकडे फक्त पोटापाण्याची जागा म्हणून बघत नसणार.

इटलीतल्या ला मार्मोटाची गोष्ट वेगळी आहे. रोमच्या उत्तरेला ब्राच्चानो नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठी इसवी सनपूर्व ५७०० ते ५१०० या काळात एक गाव होतं, ते आता पाण्याखाली आहे. तिथे पाच होड्या मिळाल्या. सर्वात मोठी ओकची, साडेदहा मीटरच्या आसपास लांब. तिच्या बुडावर आडव्या पट्ट्या आहेत आणि त्या वेगळ्या ठोकलेल्या नाहीत, कोरतानाच लाकूड राखून ठेवलेलं आहे, म्हणजे बूड चिरत नाही. तिच्यासोबत इंग्रजी टी अक्षरासारखे, भोकं पाडलेले लाकडी तुकडे निघाले. त्यांतून दोर ओवून शीड ताणत असतील, किंवा दोन होड्या शेजारी बांधून जोडहोडी करत असतील, असं २०२४ च्या अभ्यासात म्हटलं आहे. तळ्यात मासे धरायला एवढा खटाटोप कोणी करत नाही. हे सरोवर आर्रोने नदीने समुद्राला जोडलेलं आहे, आणि गावात बेटांवरची ज्वालामुखी काचही मिळाली आहे.

राहिली प्रत्यक्ष परीक्षा. चेक पुरातत्त्वज्ञ राडोमिर तिखी यांनी १९९८ मध्ये मार्मोटाच्या धर्तीवर केलेली एका खोडाची होडी पश्चिम भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने शेकडो किलोमीटर चालवून दाखवली.

जपानी प्रयोग मला त्याहून मोठा वाटतो. र्‍युक्यु बेटांवर तीस हजार वर्षांपूर्वी माणसं कशी पोहोचली, या प्रश्नाने मानवशास्त्रज्ञ योसुके काइफु आणि त्यांचे सहकारी झपाटले होते. तैवान आणि या बेटांपैकी योनागुनी यांच्यामधून कुरोशियो हा जगातल्या सर्वात जोरदार सागरी प्रवाहांपैकी एक वाहतो. आधी गवताच्या जुड्यांची नाव करून पाहिली, मग बांबूचा तराफा. दोन्ही संथ, प्रवाहापुढे टिकाव लागेना. शेवटी त्या काळच्या दगडी कुऱ्हाडींच्या प्रतिकृतींनी सीडरचं एक मीटर जाड झाड पाडून साडेसात मीटरची होडी कोरली. २०१९ च्या जुलैमध्ये पाच जणांनी, चार पुरुष आणि एक स्त्री, ती तैवानहून सोडली. नकाशा नाही, होकायंत्र नाही. सूर्य, तारे आणि लाटांची दिशा यांवर भरवसा. पंचेचाळीस तास वल्हवत, २२५ किलोमीटर कापून ते योनागुनीला लागले. बहुतेक वेळ समोर बेट दिसतही नव्हतं.

प्राचीन लोकांनी असंच केलं, हे यातून सिद्ध होत नाही. ते करू शकत होते, एवढं सिद्ध होतं. पण आणखी एक गोष्ट त्यातून उमजते. प्रवाहाचा स्वभाव माहीत नसलेल्याने नुसती चांगली होडी घेऊन हा समुद्र ओलांडला नसता. त्या माणसांना पाण्याचं ज्ञान होतं.

सगळ्या जुन्या होड्या लाकडाच्याच होत्या का?

नाही. जिथे मोठी झाडंच नाहीत तिथे बोरू-लव्हाळ्यांच्या जुड्या बांधून नाव करत आणि तिला बाहेरून डामरासारखं काळं बिटुमेन फासत. कुवेतमधल्या अस-सबिया इथे सात हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे बिटुमेनचे तुकडे मिळाले. तुकडा हातात धरला आहे अशी कल्पना करा. एका बाजूला बोरूच्या काड्या आणि दोऱ्या यांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या खडकांना चिकटतात तसल्या बार्नॅकल नावाच्या कवचधारी जीवांचे खवले. आतली बाजू नावेची, बाहेरची समुद्राची. नाव कधीच नाहीशी झाली, पण तिची साल उरली.

आफ्रिकेत काही सापडलं आहे का?

हो. १९८७ साली ईशान्य नायजेरियात दुफुना गावाजवळ विहीर खणताना फुलानी जमातीच्या एका गुराख्याची कुदळ पाच मीटर खोलीवर कठीण लाकडाला लागली. ती सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची, ८.४ मीटर लांब होडी निघाली. ती पेसहून वयाने लहान, पण घाट कितीतरी सफाईदार, दोन्ही टोकं निमुळती. अशी होडी पहिल्याच प्रयत्नात होत नाही. तिच्यामागे कारागिरांच्या कितीतरी पिढ्या असणार.

वय कसं काढतात?

मुख्यतः कार्बन-१४ ने, आणि जिथे वृक्षवलयांची सलग नोंद आहे तिथे वलयं मोजून. एक पथ्य पाळावं लागतं. खोडाच्या गाभ्याचा नमुना घेतला तर झाड कोवळं होतं तेव्हाचं वय मिळतं, होडी कोरली तेव्हाचं नाही. दोनशे वर्षांच्या झाडात तेवढी चूक सहज होते. म्हणून शक्यतो सालीजवळचं लाकूड तपासतात.

भारतात अशी होडी उत्खननात मिळाली आहे का?

मिळाली आहे. केरळमध्ये पट्टणम इथे, केरळ इतिहास संशोधन परिषदेच्या २००७ च्या उत्खननात, सुमारे सहा मीटर लांबीची एका खोडाची होडी चिखलात सापडली. लाकूड आंजिलीचं, म्हणजे फणसाच्याच कुळातलं. शेजारी विटांचा धक्का आणि नावा बांधायचे सागवानी खुंट होते. काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. पट्टणम म्हणजेच रोमन व्यापाराचं मुझिरिस बंदर असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. भर समुद्रातून आलेल्या मोठ्या जहाजांचा माल अशाच छोट्या डोण्यांनी खाडीतून आत येत असणार.

त्याच्या मागे गेलं की होड्यांऐवजी होड्यांची चित्रं भेटतात. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर आणि एका मातीच्या पट्टीवर नाव कोरलेली आहे. लोथलला मातीच्या छोट्या नावा मिळाल्या. तिथलं २१४ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद विटांचं बांधकाम गोदी होतं की पाण्याचा साठा, यावर वाद झाला. पण लोथलचा समुद्राशी संबंध त्या एका बांधकामावर अवलंबून नाही, कारण इराणच्या आखातातल्या धाटणीची मुद्रा तिथेच सापडली आहे. आणि मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सर्गोन आपल्या लेखात सांगतो की मेलुहाची जहाजं त्याच्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, हे आज बहुतेकांना मान्य आहे.

ऋग्वेदात शंभर वल्ह्यांची नाव आहे. तो पुरावा धरायचा का?

पहिल्या मंडलात अश्विनीकुमार भुज्यूला समुद्रातून 'शतारित्रा' नावेने सोडवतात, हे खरं. अरित्र म्हणजे वल्हं. अनेक वल्ह्यांची मोठी नाव ऐकणाऱ्यांच्या कल्पनेत होती, एवढं त्यातून नक्की कळतं. ती कशी बांधत, कुठे लागत, हे सूक्त सांगत नाही. त्यासाठी लाकूड, खुंट, दोर हाती लागावे लागतात.

महाराष्ट्र आणि गोव्यात काय आहे?

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्याच चित्रावरून भारतीय नौदलाची 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, खिळे नाहीत. केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी ते काम केलं. खोड कोरणं आणि फळ्या शिवणं या दोन विद्यांमध्ये एक सांधा आहे. कोरलेल्या डोणीच्या काठाला पहिली फळी शिवली, की माणूस शिवलेल्या जहाजाच्या वाटेला लागतो.

रत्नागिरीच्या कातळशिल्पांमध्ये मुशी आणि पाकट यांसारखे मासे कोरलेले आहेत, म्हणजे हे लोक समुद्राशी परिचित होते. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांचं युद्ध आहे, पण ते मध्ययुगातलं. उलांडीची होडी मात्र आजही कोकणात दिसते. पाण्यात तिच्याकडे नीट बघा. लाट बाजूने आली की उलांडीचा ओंडका आधी उचलतो, आडवे दांडे किंचित वाकतात, आणि अरुंद होडी कलंडता कलंडता सरळ होते.

मग आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच्या होड्या का सापडत नाहीत?

समुद्राच्या कोमट पाण्यात लाकूड पोखरणारा टेरेडो असतो. त्याला लोक किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. उघडं लाकूड तो काही वर्षांत चाळणीसारखं करतो. जमिनीवर पावसाळा आणि वाळवी उरलेलं संपवतात. त्यात सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरांच्या आसपास खाली होता. आज मुंबई हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, ७५ मीटरच्या आसपास पाण्यात उभ्या आहेत. त्या काळी ती कोरडी जमीन होती. ज्या किनाऱ्यावर त्या लोकांनी होड्या ओढून ठेवल्या असतील तो किनाराच आज तळाशी आहे.

आशा आहे ती खाडीच्या खोल चिखलात, जिथे हवा पोहोचत नाही. पट्टणमची होडी अशाच ओल्या थरात टिकली.

विहीर किंवा पाया खणताना असं लाकूड लागलं तर काय करायचं?

काम थांबवा आणि ते बाहेर ओढू नका. शतकानुशतकं पाण्यात राहिलेल्या लाकडातला मूळ गर गेलेला असतो, आकार धरून ठेवलेला असतो तो पाण्याने. उन्हात दोन दिवस ठेवलं तर ते आक्रसतं, तडकतं आणि त्याचा भुगा होतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पॉलिइथिलीन ग्लायकोल नावाचं मेणासारखं द्रव्य मुरवून किंवा गोठवून वाळवून ते टिकवतात. तुमच्या हाती एवढंच आहे : त्याच चिखलाने पुन्हा झाका, वर ओलं गोणपाट टाका, गोणपाट सुकू देऊ नका, मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकच आहे. आजूबाजूची माती उचलून टाकू नका. वल्हं, दोरीचा तुकडा, जाळ्याला बांधायचा दगड बहुधा हातभर अंतरावरच असतो.